खाजणाची राखण

हल्ली तांडेलांचं नाव निघालं की आमच्या गावाला भरून येतं. परवा ग्रामपंचायतीच्या सभेत एकाने 'असा माणूस पुन्हा होणे नाही' असं म्हणून डोळे पुसले. त्या पुसणाऱ्याचा बाप खाजणाच्या बांधावर मातीची घमेली ओतत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मीही तिथेच उभा होतो, म्हणून सभेत गप्प बसलो. तांडेलांच्या बाबतीत गप्प बसणं मला आयुष्यभर चांगलं जमलं. आता एकदा काय ते लिहून टाकतो.

तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. आमचे तांडेल उमेदीत नारळ आणि मीठ भरून मंगळूरपासून मुंबईपर्यंत गलबत नेत. मला ते नीट कळू लागले तेव्हा, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे, त्यांची साठी उलटली होती, गलबत फुटून वीस वर्षं झाली होती आणि हाताखाली एक होडी तेवढी उरली होती. खरं नाव गावात कोणी घेत नसे. त्यांची बायकोसुद्धा शेजारणीला 'आमचे तांडेल' असंच सांगायची. जमिनीवर चालायचा त्यांना मनस्वी कंटाळा. दुकानातून गूळ आणायचा असला तरी होडी सोडत, खाडीने वळसा घालून दुकानामागच्या ओहळात लावत. पायवाटेने पाच मिनिटं लागतात तिथे पाऊण तास घालवत आणि उशीर का झाला विचारलं तर वाऱ्यावर खापर फोडत.

माणसांना ते गलबतातल्या वस्तूंची नावं ठेवत. मला पहिल्याच दिवशी 'नीरम' म्हणाले. मी गावच्याच शाळेत नवा नवा मास्तर झालो होतो. शब्द काहीतरी मानाचा असणार अशा समजुतीने मी तो चार दिवस मिरवला. मग कळलं, गलबतात माल नसला की ते कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरतात, त्यांना नीरम म्हणतात. मी फुगून बसलो.

"रागावतंस कित्या?" तांडेल म्हणाले. "नीरम नसलां तर गलबत उलाटता. पण बंदराक लागल्यार तेका कोण घराक नेणा नाय."

त्यांचं सगळं राज्य म्हणजे खाजण. आमची खाडी गावाशी आली की एका अंगाने आत शिरते आणि पिशवीसारखी फुगते. त्या कोपऱ्याला आम्ही खाजण म्हणतो. भरतीला तिथे गळाभर पाणी, सुकतीला गुडघाभर चिखल, आणि कडेने कांदळाची दाट झाडी, मुळं पाण्यात सोडून उभी. पावसाळ्याच्या सुमाराला त्या झाडीवर बगळे आणि पाणकावळे घरटी करत. झाडं विष्ठेने पांढरी होत आणि वास वरच्या वाडीतल्या आमच्या माजघरापर्यंत येई. एक पाणमांजरांचं कुटुंब होतं, ते फक्त तांडेलांनाच दिसायचं. चिखलात तिसरे, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणि कुर्ल्या मिळत. खाडीकडच्या वाडीतल्या बायका सुकतीला उतरून टोपल्या भरून आणत. पावसाच्या चार महिन्यांत समुद्र बंद असला की त्या वाडीच्या चुली खाजणावरच पेटत.

तर ह्या खाजणाची राखण करायला तांडेलांनी सात जण जमवले होते. चार खाडीकडचे, दोन शेतकरी आणि मी. आम्हाला गावात 'राखणे' म्हणत, बहुतेक वेळा हसून. नियम थोडे होते. कांदळाच्या उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही, घरट्यातलं अंडं काढायचं नाही, अंगठ्याच्या नखाहून बारीक तिसरा परत चिखलात टाकायचा. शेवटचा नियम बायका आपापसातच पाळत, तिथे आम्हाला काही काम नव्हतं.

पाळ्या मात्र घड्याळावर नसत, पाण्यावर असत. लाकडं तोडणारे होडीतून येतात, म्हणजे भरतीला येणार. अंडी चोरणारे चिखलातून येतात, म्हणजे सुकतीला येणार. म्हणून "भरतीक तू, सुकतीक तो" अशी वाटणी. आता भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. त्यामुळे माझी पाळी एका आठवड्यात शाळेच्या आधी, तर पुढच्या आठवड्यात ऐन गणिताच्या तासाला. मी तक्रार घेऊन गेलो, म्हटलं, शाळेला वेळ असते.

"मगे शाळा सरकव," ते म्हणाले आणि होडीतलं पाणी उपसू लागले.

पक्ष्यांचं कौतुक त्यांना खपत नसे. एकदा सगळी झाडी पांढऱ्या बगळ्यांनी भरली होती आणि मी म्हणालो, किती छान दिसतं.

"छान? वास घे आदी," तांडेल म्हणाले. "तेंची घाण पाण्यात पडता, ती बारीक म्हावरां खाता, तेका मोटां म्हावरां खाता, आणि तेका तू खातंस. म्हणजे घाण कोण खाता? आता म्हण छान."

त्यांच्या लेखी ते खाजण एक चालतं गलबत होतं. कोणाचं काय काम, कोण कोणावर अवलंबून, एवढंच ते बघत. मला आजवर निसर्गावर बोलणारे पुष्कळ भेटले, पण घाणीपासून सुरुवात करणारा दुसरा भेटला नाही.

एकदा बांद्याचे एक शेट बंदूक घेऊन आले. कोट, नवे कोरे बूट, बरोबर फराळाचा डबा. त्यांना पाणपक्षी मारायचे होते आणि होडीवाला हवा होता. राखण्यांची मुठी वळून तयारी झाली होती, पण तांडेलांनी आम्हाला गप्प केलं आणि स्वतःच हात जोडून पुढे झाले. "येवा शेटानु, माझ्या होडयेत बसा. मी दाकयतंय." शेट खूश. तांडेलांनी त्यांना सावकाश वल्हवत खाजणाच्या मध्यावर नेलं. पाणी उतरायला लागलेलं होतं. अर्ध्या घटकेत होडी चिखलात बसली. तांडेल म्हणाले, "वायच थांबा, बघून येतंय," आणि धोतर खोचून चिखलातून चालत चालत घरी आले, जेवले आणि झोपले.

शेट दुपारभर तिथे. बूट काढून उतरावं तर मांडीपर्यंत चिखल, बसून राहावं तर ऊन. बगळे तोवर मासे टिपायला दूर गेलेले. बायका तिसरे वेचायला उतरल्या आणि जाता-येता विचारू लागल्या, "शेटानु, काय गावला काय?" संध्याकाळी पाणी भरलं तेव्हा तांडेल पोहत गेले आणि होडी काढून आणली. "सुकतीक कोणाचा काय चलणा नाय," एवढंच बोलले. शेट पुन्हा आमच्या खाडीकडे फिरकले नाहीत.

हा किस्सा आता गावात सगळे सांगतात, हशा पिकतो. पुढचं कोणी सांगत नाही.

तांडेल देवळात जात नसत. नास्तिक म्हणावं तर तसेही नव्हते, देवाच्या पालखीला वाटेतून हात जोडत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा त्यांनी गलबताची गोष्ट सांगितली. त्या साली वारा फिरला होता आणि तांडेलांचं निघायचं मन नव्हतं. मालकाने देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या ओल्या मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवतात आणि गुरव देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवा कौल पडला. गलबत निघालं आणि वेंगुर्ल्याच्या अलीकडे खडकावर फुटलं. पाच माणसं गेली. त्यात तांडेलांचा पाठचा भाऊ होता.

"देवाचो राग नाय माका," ते म्हणाले. "देव काय करतलो? इचारणारो आपणाक व्हया तां इचारता. मालकान इचारल्यान, धंद्याक बरकत येतली काय? ती इली, दुसऱ्या गलबतान इली. माझ्या भावाचां कोणी इचारूकच नाय."

हे ऐकल्यावर तरी मला अक्कल यायला हवी होती.

त्या वर्षी खाडीपलीकडे चुन्याच्या दोन नव्या भट्ट्या लागल्या. शिंपले जाळायला जळण लागतं आणि कांदळाचं लाकूड जळायला उत्तम. आठ-दहा जण कुऱ्हाडी घेऊन भरतीला येऊ लागले. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने अडवलं, तर कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा हात मोडला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी येऊन, घोव आता येणार नाही म्हणून सांगून गेली. बाकीचेही हळूहळू कारणं शोधू लागले. मी घाबरलो होतो, हे सरळ लिहितो. 

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. हे कुऱ्हाडवाले याच किनाऱ्यावरचे. पोलिसाला भीत नव्हते, पण देवराईतली वाळकी काटकीसुद्धा त्यांच्यातल्या कोणी उचलली नसती. खाजण देवाचं झालं तर राखायलाच नको, देव राखील. आमच्या गावात देवळाच्या कारभाराचा हक्क पाच घराण्यांकडे आहे. त्यांना मानकरी म्हणतात आणि त्यांतला पहिला मान माझ्या काकाचा. तांडेल भाचीच्या लग्नाला देवबागला गेले होते. ते दोन दिवस मी साधले. राखण्यांना पटवलं, काकाला गाठलं आणि कौल लावला.

उजवा पडला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आजपासून ह्यां खाजण तुझ्या पायाकडे घातलां. जो कोण हेच्यार कोयतो घालीत, तेका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

काका म्हणाला, लिहून ठेवलेलं बरं. मास्तर मीच. वळणदार अक्षरात लिहिलं, की ही जागा गावाने देवाला अर्पण केली असून तिच्याबाबत देवाचा शब्द अखेरचा राहील. सातही राखण्यांनी खाली सह्या केल्या, हात मोडलेल्याने डाव्या हाताने अंगठा दिला.

तांडेल परत आले तेव्हा आम्ही सगळे खाजणाच्या कडेला उभे होतो, बक्षीस मिळणार असल्यासारखे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाच्या डोक्यात इलां ह्यां?"

बाकीचे माझ्याकडे न बघता खाली बघत राहिले. ती त्यांची माणुसकी. मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून ठरवलं."

तांडेल खाजणाकडे वळले. मग म्हणाले, "माणसान घेतलेलां भांडान परत घेवक येता. देवाकडसून कसां घेवचां?"

मला त्यांचा रागच आला. कारण कुऱ्हाडी खरोखर थांबल्या होत्या. त्या पावसाळ्यात घरट्यांनी झाडी वाकली, पाणमांजरांची पिल्लं मलासुद्धा दिसली. मी पाळीला जाऊन निवांत वह्या तपासत बसायचो. वर्षभर मी मनातल्या मनात तांडेलांना हरवत होतो.

वर्ष सरलं आणि मानकऱ्यांना आठवण झाली की देवाच्या जागेत सोवळंओवळं असतं. आधी बायकांना ठरावीक दिवशी उतरायला बंदी झाली. मग कोण कधी उतरतं ते कोण बघणार म्हणून सगळ्याच बायकांना, सगळेच दिवस. खाडीकडची वाडी वरच्या वाडीपुढे बोलू शकत नव्हती. एक म्हातारी रिकामी टोपली घेऊन माझ्या शाळेच्या दारात आली आणि म्हणाली, "मास्तरानु, देव तिसरे खाता काय ओ?" मी तिला मानकऱ्यांकडे जा म्हणालो. मानकरी म्हणजे माझाच काका, हे तिलाही माहीत होतं. ती टोपली कमरेला लावून गेली.

त्यानंतर सरकारी ओव्हरसियर आला. खाऱ्या पाण्याला बांध घालून आत भातशेती करायची योजना होती. अन्नधान्य वाढवायचे दिवस होते, योजनेत वाईट कोणालाच काही दिसत नव्हतं. जमीन मिळणार होती ती वरच्या वाडीला. तांडेलांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज केला. स्वतः सांगितला, मी लिहिला, खाडीकडच्या पन्नास-साठ जणांनी अंगठे दिले. तो घेऊन आम्ही मालवणला कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि दुसरा कागद पुढे सरकवला. माझंच अक्षर.

"ही जागा देवाची आणि देवाचा शब्द अखेरचा, असं तुम्हीच लिहून दिलं आहे ना?" साहेब म्हणाले. "मग देवाला विचारा. गावाची संमती असेल तर आमची काही हरकत नाही."

तांडेलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय लिवलेलां आसा?" मी वाचून दाखवलं. 

दुसरा कौल लागला तेव्हा वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा तांडेल देवळाच्या पायरीपर्यंत आले. काकाने गुरवाकडून प्रश्न घातला, 'देवाच्या जागेत देवाच्या लेकरांनी भात पिकवावं की नाही?' असा प्रश्न घातल्यावर कुठला देव नाही म्हणेल? उजवी कळी पडली. गाऱ्हाणं झालं आणि "व्हय म्हाराजा" म्हणायची वेळ आली. मी तांडेलांकडे बघितलं नाही. ओठ हलवले. आवाज निघाला की नाही, ते मला आजही आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच शरम वाटते.

बांधाचं काम माघात सुरू झालं. रोज मजुरी मिळत होती आणि वाडीत खायला नव्हतं, त्यामुळे खाडीकडचेच पुरुष घमेली उचलत होते. आमच्या सात राखण्यांतले चार तिथे होते. दोन्हीकडून बांध पुढे आला आणि मधे दहा-बारा हातांचं तोंड उरलं. हे शेवटचं तोंड बंद करणं सगळ्यात अवघड. पाणी थांबलेलं असताना भराभर माती, दगड आणि फांद्या टाकून ते बुजवावं लागतं. ओव्हरसियर बंदराच्या कोष्टकातली वेळ बघून काम करी. दोनदा घातलेलं वाहून गेलं. दुसऱ्या खेपेला एक राखणा मातीबरोबर खेचला गेला, त्याला दोराने ओढून काढला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं.

काकाने मला बोलावलं. "तांडेलाक इचार. तेका ह्या पाण्याची नस ठावक आसा. तुझां ऐकता तो."

मी गेलो.  तांडेल पडवीत जाळं विणत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पाण्यात उतारतले कोण?"

मी नावं सांगितली. चार राखणे आणि तिसरे वेचणाऱ्या बायकांचे मुलगे-नवरे.

त्यांनी जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "नवमीक घाला. भांगाचां पाणी, जोर कमी. पण बंदरात सुकती सोपली तरी हंय पाऊण तास पाणी भायेर जाता. तेच्या आदी घातलास तर माणसां मरतली. घड्याळ बघू नको म्हणान सांग. मी येतंय."

नवमीला भर दुपारी ते आले. होडी बांधाच्या आतल्या बाजूला आणली आणि तोंडाशी उभी करून हात पाण्यात घालून बसले. ओव्हरसियर घड्याळ बघत होता, काका घाम पुसत होता, शंभरएक माणसं घमेली भरून उभी होती. तांडेल हात पाण्यात घालून नुसते बसले होते. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "आता."

तासाभरात तोंड बुजलं. भरती आली, बांधाला लागली आणि थांबली. एकाही माणसाला ओरखडा उठला नाही. काकाने मानाचा नारळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. होडी आत अडकली होती, ती चार माणसांनी बांधावरून उचलून देऊ म्हटलं, तर तेही नको म्हणाले आणि घरी चालत गेले.

त्या पावसाळ्यात बगळे आले. त्यांना बांधाचं कोण सांगणार. भरती बंद झाल्याने झाडांची पानं पिवळी पडू लागली होती, तरी त्याच फांद्यांवर त्यांनी घरटी केली, अंडी घातली. पाण्यात मासा राहिला नव्हता. पिल्लं उपाशी घरट्यांतून खाली पडू लागली आणि लोक ती टोपल्यांत भरून नेऊ लागले. खाडीकडच्या वाडीतली काही कुटुंबं गणपतीच्या आधीच मुंबईला गेली. भात तीन वर्षं पिकलं. मग मीठ वर आलं आणि जमीन पांढरी होऊन पडली. ती अजून तशीच आहे.

बांध घातला त्याच वर्षी, दसरा झाल्यावर एका दुपारी मी तांडेलांकडे गेलो. मला झोप लागत नव्हती. पडवीत त्यांच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "तांडेलानु, तो कौल माझ्या डोक्यातून आलेला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, हे मी खोटं बोललो."

"ठावक आसा," ते म्हणाले. "देवबागसून इलंय त्याच दिवशी तुझ्या काकान सांगल्यान."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सात राखणे होते. एकाचो हात मोडलेलो. तुका काडलंय आसतंय तर पाच रवले आसते. पाचांत खाजण राखूक येणा नाय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, रागाने नाही. "म्हणान तुझ्याशी बोलत रवलंय. आता खाजण नाय. आता बोलूची गरज नाय."

मला वाटलं, ते आणखी काहीतरी म्हणतील. ते उठून आत गेले.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. गाव एवढंसं, दिवसाआड तरी वाटेत समोरासमोर यायचो. ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.